हिरव्या थरावरचा पाय

१

माझ्या बाथरूमच्या जमिनीवर मंगळवारी कुणीतरी सुरी चालवली.

सकाळी मी घरातून निघाले तेव्हा जमीन हिरवीगार, तुकतुकीत होती. वॉटरप्रूफिंगचा शेवटचा हात मी स्वतः मारला होता, गुडघ्यांना उशा बांधून, तोंडाने शिव्या देत. संध्याकाळी परत येऊन दिवा लावला तर काय? पाणी वाहून जायच्या नहाणी ट्रॅपच्या भोवती थर गोल कापलेला, आणि कापलेला तुकडा संत्र्याच्या सालीसारखा सोलून भिंतीशी टाकलेला.

मी किंचाळले नाही. एक शिवी हासडली, तीही अशी की खालच्या मजल्यावरच्या आस्ताने आपला रेडिओ बंद केला.

तुम्ही म्हणाल, जमिनीचंच तर काम, पुन्हा करावं. तसं नव्हतं ते. माझा नवरा सिक्स्टन ऑक्टोबरात याच बाथरूममध्ये पडला. जुन्या टाइल्स गुळगुळीत, दाराशी उंच उंबरा. पाय सटकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तो नदीपलीकडच्या पुनर्वसन केंद्रात आहे. नगरपालिकेची बाई येऊन सांगून गेली: बाथरूम सपाट, बिनउंबऱ्याचं, न घसरणारं झालं तर सिक्स्टन घरी येईल. नाही तर वृद्धाश्रमात त्याच्यासाठी एक खोली राखून ठेवली आहे, कायमची. शुक्रवारपर्यंत काय ते कळवा.

आमच्या सोसायटीचं म्हणणं, पुढच्या वर्षी सगळ्या इमारतीची बाथरूम्स एकदम करणार आहोत, तोवर थांबा. सिक्स्टन एकोणऐंशीचा आहे. त्याला पुढच्या वर्षापर्यंत ठेवू कुठे, फ्रीजमध्ये? मी हातोडी आणि छिन्नी घेतली आणि जुन्या टाइल्स स्वतः उखडल्या. नियमाप्रमाणे नहाणी ट्रॅप परवानाधारक माणसाकडून बसवून घेतला. तो आमचा दारेक. बाकी ढाळ काढण्यापासून थर देण्यापर्यंत सगळं या हातांनी केलं. एकाहत्तराव्या वर्षी! अर्ध्या कार्लस्टाड गावाने मला वेड्यात काढलं, आणि उरलेल्या अर्ध्याने ते तोंडावर बोलून दाखवलं नाही एवढंच.

गुरुवारी तपासनीस यायचा होता. थर नीट आहे म्हणाला तरच वर टाइल्स घालायच्या. तो पास म्हणाला की सिक्स्टन घरी. नापास म्हणाला की काम सोसायटीच्या कंत्राटदाराकडे, पुढच्या वर्षी, आणि सिक्स्टन त्या खोलीत.

मी वाकून नीट पाहिलं. कोपऱ्यात थर जरा जाड पडला होता, तो अजून पुरता सुकला नव्हता. तिथे एक पाऊल उमटलं होतं. डावं, मोठं, पुरुषाचं. आणि बुटाचं नव्हे, मोज्याचं. लोकरीची वीण स्पष्ट दिसत होती.

मी पुढच्या दाराकडे धावले. कुलूप शाबूत होतं. म्हणजे आलेला माणूस किल्ली घेऊन आला होता.

२

मी गुनेल. बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून जन्म काढला. खोटं बोलणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. तो खिसे फार जोरात चाचपतो. तेव्हा पोलीस वगैरे भानगडीत न पडता मी खुर्ची ओढून बसले आणि विचार करायला लागले.

माझ्या घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे? एक सोसायटीचा अध्यक्ष एव्हर्ट एक्रोथ याच्याकडे, कारण त्याच्याकडे सगळ्यांच्याच असतात. एक दारेककडे, कामापुरती. एक आस्ताकडे, मी नसताना कुंड्यांना पाणी घालायला. आणि एक सिक्स्टनच्या जाकिटाच्या खिशात. सिक्स्टन अजून वॉकर धरून जेमतेम जेवणाच्या खोलीपर्यंत जातो, त्यामुळे त्याला संशयितांत धरायचं कारण नव्हतं.

त्याची आठवण आली. आजची दुपार किती छान गेली होती! एरवी चार वाजायच्या आत तो मला हाकलतो, ‘ऊठ, अंधार पडायच्या आत घरी पोच’ म्हणून. आज मात्र सोडायला तयार नव्हता. आणखी एक कॉफी घे, दालचिनीचा आणखी एक पाव घे, बस गं जरा. माझा हात हातात घेऊन बसला. अंगात कुणाचा तरी उसना जांभळा स्वेटर, कारण त्याचं जाकीट आमच्या मुलाने, यॉर्गनने, चेन बदलायला नेलंय. त्या स्वेटरमध्ये इतका बावळट दिसत होता की मी येताना बसमध्ये एकटीच हसत होते. आणि घरी येऊन हे बघायचं होतं.

बेल वाजली. एव्हर्ट एक्रोथ दारात उभा. माझी शिवी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली असावी. त्याने पायातल्या लाकडी खडावा सवयीप्रमाणे दारातल्या पायपुसण्यावर काढल्या आणि मोज्यांनी आत आला. त्याला वाट द्यायला मी बाजूला सरकले तर माझ्याच पायात काहीतरी टोचलं.

“आई गं!”

“काय झालं?”

“खडा.” हिवाळ्यात बर्फावर कुणी घसरू नये म्हणून रस्त्यांवर टाकतात ते खडे; मार्च आला तरी बुटांना चिकटून घरभर येतात. आमच्या बुटांच्या मांडणीजवळ दोन-तीन पडले होते, आणखी खालच्या फळीवर, सिक्स्टनच्या सपातांशेजारी. मी चिडून सगळे झाडून काढले. पुरावा आपल्या हाताने केरात घातला, म्हणतात तो असा.

एव्हर्टने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं आणि हनुवटी वर केली. “मी सांगितलं होतं, गुनेल. ही बायकांनी... म्हणजे, सभासदांनी स्वतः करायची कामं नाहीत.”

“वाक्य पूर्ण कर ना. मधे का वळलास?”

“वाद नको. किल्ली कुणाकडे होती? त्या पोलंडच्या माणसाकडे. तू त्याला बाकीचं काम दिलं नाहीस, त्याचा राग धरला त्याने. सरळ आहे. मी उद्या त्याच्या मालकाला फोन करतो.”

“किल्ली तुझ्याकडेही आहे, एव्हर्ट.”

“माझ्याकडे सगळ्यांच्या आहेत!”

“तेच म्हणते मी.”

तो लाल झाला. “गुरुवारी तपासनीस येईल तेव्हा मीही हजर असेन,” म्हणाला. “हा थर असाच राहिला तर काम आमचं. नियम म्हणजे नियम.”

“ये ना. आणि येताना नियमांचं पुस्तक आण, टेकू द्यायला उपयोगी पडेल.”

तो गेला आणि फोन वाजला. यॉर्गन. रोज या वेळेला करतो. सगळं सांगितलं.

“आई, आता तरी पुरे कर,” तो म्हणाला.

“काय पुरे कर?”

“हे. सगळं. तुझं वय...”

“माझं वय मला पाठ आहे,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता मला कळेना, चोर शोधू की थर दुरुस्त करू. मग ठरवलं, दोन्ही. कारण ज्याने एकदा कापलं तो पुन्हा येऊन कापेल, आणि पुढच्या खेपेला माझ्याकडे वेळ उरणार नाही.

३

बुधवारी सकाळी आधी दारेकला बोलावलं. तो आला तो जाड बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, कायम येतो तसा.

“बूट काढ की रे कधीतरी,” मी म्हटलं.

“कामाच्या जागी बूट काढले तर मालक मला काढेल, बॉस. पायावर टाइल पडली की कळतं.” त्याने वाकून कापलेली जागा पाहिली आणि शीळ घातली. “काय सफाईने कापलंय! ट्रॅपची कॉलर, म्हणजे कड, सोडून एक इंचावरून, गोल. कॉलर फाटली असती तर ट्रॅप पुन्हा काढावा लागला असता. हे जोडता येतं. पट्टी लावू, वर दोन हात मारू, रात्रभर हीटर ठेवू.”

“एव्हर्ट म्हणतो हे तू केलंस.”

तो हसायला लागला, मग माझा चेहरा बघून थांबला. “मी? हा पाय बघा. ओल्या थरात पाय द्यायला मी काय गाढव आहे? आणि मला बिघडवायचंच असतं तर मी असं बिघडवलं असतं की वर्षभर कुणाला कळलं नसतं.” हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मला विश्वास ठेवावाच लागला.

“पण तो फोन करणार आहे तुझ्या मालकाला.”

आता मात्र त्याचं तोंड उतरलं. “मालक ऐकेल त्याचं,” म्हणाला. “तुमची सोसायटी म्हणजे मोठं गिऱ्हाईक.”

“मग दुपारपर्यंत मी खरा माणूस शोधते. तू सामान घेऊन ये.”

तिथून खाली आस्ताकडे गेले. आस्ता पंच्याऐंशीची, चिमणीएवढी. तिचा पाय माझ्या तळहातात मावेल. संशय घ्यायचा तर आधी तिला मोठे पाय विकत घ्यावे लागले असते. पण तिचे कान शाबूत आहेत. तिने कॉफी ओतली आणि बिस्किटाची बशी सरकवली.

“काल माझ्या घरात कुणी आलं होतं का गं?”

“आलं होतं की. तू गेल्यावर बऱ्याच वेळाने. मला वाटलं दारेकच असेल.” ती पुढे झुकली. “पण गुनेल, त्याला सर्दी झालीय का?”

“दारेकला? नाही. का?”

“बाथरूममधून नाक शिंकरल्याचा आवाज येत होता. सारखा. तुझा तो पाइप माझ्या छतातून जातो ना, सगळं ऐकू येतं.” तिने कप खाली ठेवला. “खरं सांगू का? सर्दी नव्हती ती. माणूस रडत होता.”

मी बिस्कीट तोंडाशी नेलेलं तसंच परत ठेवलं.

४

रडणारा चोर! मी जिना चढता चढता जिन्यातच बसले.

एव्हर्ट एक्रोथ रडेल? नगरपालिकेने उद्या त्याचे सगळे कर माफ केले तरी त्याच्या डोळ्यात पाणी यायचं नाही. दुसऱ्याचं काम बिघडवताना तर तो शीळ घालेल. शिवाय एव्हर्ट राहतो याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तो येतो खडावा घालून. त्याला रस्त्यावरचे खडे कुठून चिकटणार?

खडे!

मी उठले आणि धावतच घरी गेले. बुटांच्या मांडणीसमोर उकिडवी बसले.

आता बघा. या देशात कुणीही कुणाच्या घरात बूट घालून जात नाही. पाहुणा असो, डॉक्टर असो, बूट दारात. लहानपणापासून इतकं अंगात मुरलंय की काल जो माणूस माझं काम मोडायला आला, त्यानेसुद्धा आधी बूट काढले! जाड बूट चालले असते, ठसा कुणाचा ते कळलंही नसतं. पण नाही. दार उघडलं, बूट काढले, मग सुरी काढली. म्हणून दारेक सुटला, कारण तो बूट काढतच नाही.

पण बूट काढले कुठे? परका माणूस पायपुसण्यावर काढतो, एव्हर्टने काढले तसे. मांडणीवर ठेवत नाही, मांडणी घरच्यांची. खडे मात्र होते खालच्या फळीवर. आणि त्या फळीवर सिक्स्टनच्या सपाता मध्यभागी असतात, मीच तशा ठेवल्यात ऑक्टोबरात. आता त्या एका कडेला सरकवलेल्या होत्या, नीट जोडीने. बाहेरच्या रस्त्याने आलेला माणूस, या घरात आपले बूट कुठे ठेवायचे हे ज्याला विचार न करता कळतं असा माणूस.

मला ते नको होतं. एव्हर्ट निघाला असता तर मी केक भाजला असता.

मी यॉर्गनला फोन केला. “ये जरा. मला हात हवाय.” बस्स, एवढंच.

तो जेवणाच्या सुट्टीत आला. शेहेचाळीस वर्षांचा, सहा फुटी, केस विरळ झालेले, आणि माझ्यासमोर आला की अजून सातवीतल्यासारखा खांदे पाडतो. “काय झालं, आई?” म्हणत त्याने बूट काढले. वाकला. डाव्या हाताने सिक्स्टनच्या सपाता कडेला सरकवल्या, आणि त्या जागी आपले बूट ठेवले. तळव्याचे दोन खडे टपकन फळीवर पडले.

मी नुसती बघत राहिले. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

“आई...” तो म्हणाला.

“बाबांच्या जाकिटाची चेन झाली का रे दुरुस्त?” मी विचारलं. “आणि खिशातली किल्ली?”

तो भिंतीला टेकला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. “मीच,” म्हणाला. “मी केलं. ओरड माझ्यावर.”

मी ओरडणारच होते. पोटचा पोर! बाप घरी येऊ नये म्हणून आईच्या घरात चोरासारखा शिरतो! माझा हात उगारलाही होता. पण तिकीट तपासताना लागलेली सवय आडवी आली. पोराने भराभर कबुली दिली की समजावं, तो कुणाला तरी वाचवतोय.

“का केलंस?”

“मला वाटलं म्हणून.”

“कुठे कापायचं ते कसं कळलं?”

“असंच.”

“यॉर्गन, तुला सायकलचं पंक्चर काढता येत नाही. भिंतीत खिळा ठोकायला दारेकला बोलावतोस. आणि कॉलर वाचवून एक इंच बाहेरून, म्हणजे तपासनीस नापास करेल पण ट्रॅप शाबूत राहील, असं कापतोस? असंच?”

बसमध्ये बिनतिकिटाचं पोर सापडलं की ते तुमच्याकडे बघत नाही. मागच्या सीटवर त्याला आणणारं मोठं माणूस बसलेलं असतं, तिकडे बघतं. यॉर्गनने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून नदी दिसते. नदीच्या पलीकडे काय आहे ते मला चांगलं माहीत होतं.

रविवारी मी एका माणसाला सगळं समजावून सांगितलं होतं. टेबलावरची कॉफीची बशी म्हणजे ट्रॅप, बशीची कड म्हणजे कॉलर, तपासनीस सगळ्यात आधी इथे बोट फिरवतो. एकाच माणसाला. आणि त्याच माणसाने मंगळवारी मला उठू दिलं नव्हतं.

५

“दारेक येईल,” मी यॉर्गनला म्हटलं. “तो सांगेल तसं गुडघे टेकून काम करायचं. कापलंस तू, जोडायचंस तूच.”

“आई, बाबांना काही बोलू नकोस.”

“तू मला शिकवू नकोस, मी नवऱ्याला काय बोलायचं.”

पुनर्वसन केंद्रात सिक्स्टन जेवणाच्या खोलीत खिडकीशी बसला होता, तोच जांभळा स्वेटर घालून. मला अवेळी आलेली बघून त्याने चमचा खाली ठेवला. त्याला कळलं. एवढी वर्षं एकत्र काढल्यावर चेहरा लपवायला जागाच उरत नाही.

“कॉफी घे,” तो म्हणाला.

“कॉफी गेली खड्ड्यात. तू कापायला सांगितलंस.”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! सगळे ऐका! याच्यासाठी मी टाइल्स उखडल्या, पोती वाहिली, गुडघ्यांची सालं काढून घेतली, आणि हा इथे बसून पोराच्या हातात सुरी देतो!” शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीने ऐकू यायचं यंत्र कानात नीट बसवलं.

सिक्स्टन खिडकीबाहेर बघत बोलायला लागला. “मी पडलो त्या दिवशी तू मला उचलायला गेलीस. तुझ्या पाठीत चमक भरली. तू मला सांगितलं नाहीस, यॉर्गनने सांगितलं. रात्री खुर्चीत बसून झोपायचीस म्हणे. पुढच्या वेळी मी पडेन तो तुझ्या अंगावर, गुनेल. मग दोघांसाठी खोल्या शोधाव्या लागतील.”

“हे मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नाही.”

“म्हणून मग जमिनीला सांगावं लागलं.”

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. “आणि पोराला रडवलंस. आस्ताने ऐकलंय सगळं. तिकडे दारेकच्या नोकरीवर बेतलंय. आणि मंगळवारी माझा हात धरून बसलास, ते काय होतं? मी वेडी बसमध्ये हसत होते!”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “जास्तीची कॉफी खोटी होती,” म्हणाला. “हात खरा होता.”

मी नाक पुसलं. मग उभी राहिले.

“ऐक आता. उद्या तपासनीस येणार. थर आज जोडला जाणार. टाइल्स मी घालणार, एकेक, माझ्या हाताने. तू ये की नको. माझी पाठ माझी आहे, तिचं काय करायचं ते मी ठरवीन. तू पडलास आणि मी उचलू शकले नाही तर मीही खाली बसेन आणि आस्ताला हाक मारीन. पण यायचं नसेल तर तसं सांग. त्या बाथरूमच्या दारात उभा राहून, स्वतःच्या तोंडाने, माझ्यासमोर सांग. सुरीकडून निरोप पाठवायचा नाही.”

मी त्याच्या प्लेटमधला बटाटा तोंडात टाकला आणि निघाले. भूक लागली होती.

६

गुरुवारी तपासनीस आला. तरुण पोरगा होता, चष्मा लावलेला. एव्हर्ट खरंच नियमांचं पुस्तक घेऊन हजर होता.

“इथे थर कापला गेला होता,” मी आधीच सांगून टाकलं. “इथून इथपर्यंत जोड आहे. लपवाछपवी नाही. बघा काय बघायचं ते.”

त्याने बोट फिरवलं, जोड दाबून पाहिला, ओढून पाहिला, ढाळ तपासला, ट्रॅप बंद करून पाणी सोडलं आणि वाट पाहत माझी कॉफी प्यायला. एव्हर्ट दर थोड्या वेळाने वाकून पाणी उतरलं का ते बघत होता. पाणी होतं तिथेच होतं.

“पास,” तपासनीस म्हणाला. “जोड तर बाकीच्यापेक्षा जाड आहे.”

दारेकने यॉर्गनच्या पाठीत धपाटा घातला. यॉर्गनचे गुडघे दोन्ही हिरवे होते.

“मग कापलं कुणी?” एव्हर्टने विचारलं.

“घरचा मामला होता. मिटला. तू दारेकच्या मालकाला फोन केलास का?”

“करणार होतो...”

“करू नकोस. आणि त्याला सॉरी म्हण. आता, इथे.”

“पुराव्याशिवाय मी...”

“परवा दारेकचं नाव घेतलंस तेव्हा कुठे होता पुरावा?”

एव्हर्ट पुस्तक बगलेत धरून पुटपुटला. दारेक म्हणाला, “ऐकू नाही आलं.” मग त्याला मोठ्याने म्हणावं लागलं. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या सुंदर आवाजांपैकी तो एक.

टाइल्स मी घातल्या. बारीक, खरबरीत, राखी रंगाच्या. सांधे भरले, धुतलं, पुसलं, दार काढून रुंद केलं, भिंतीला दांडे बसवले. पाठ दुखली. दुखेना का, तिला काम सांगितलं होतं. सिक्स्टनकडे मी रोज जात होते, आणि ‘येणार की नाही’ हे ना मी विचारलं, ना त्याने सांगितलं. शुक्रवारीच नगरपालिकेच्या बाईंना पास झाल्याचं कळवून मी म्हटलं होतं, खोली तेवढी तोवर ठेवा, काम संपलं की त्याला घेऊन या, दाखवा, मग त्यालाच विचारा.

ती बाई, इल्वा तिचं नाव, त्याला गाडीतून घेऊन आली. इमारतीत लिफ्ट आहे एवढं बरं. सिक्स्टन वॉकर ढकलत आत आला. यॉर्गन त्याच्या मागे, हात पुढे करून, जणू काचेचं भांडं चाललंय. मी पुढे गेले नाही. स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिले.

बाथरूमच्या दाराशी तो थांबला. उंबरा नव्हता. त्याने वॉकरचं पुढचं चाक आत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. जमिनीकडे बघत राहिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नुसता बघत राहिला.

इल्वा मऊ आवाजात म्हणाली, “सिक्स्टन, बाथरूम अगदी योग्य झालंय. पण वृद्धाश्रमातली ती खोलीही अजून ठेवलेली आहे. निर्णय तुमचा. तुम्हाला काय हवंय?”

यॉर्गनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, मी सिक्स्टनच्या मानेकडे बघत होते. मागून त्याचे केस वाढले होते. नाही म्हणाला तर मी काय करणार होते, ते मी ठरवलं नव्हतं. तिथे उभं राहून ऐकून घेणार होते, एवढंच.

सिक्स्टनने वॉकर सोडला आणि भिंतीचा दांडा पकडला. हलवून पाहिला. मग आत एक पाऊल टाकलं, मग दुसरं. वळला, आणि आम्हा तिघांकडे असं वैतागून पाहिलं की ऑक्टोबरानंतर तसं कधी पाहिलं नव्हतं.

“मला आंघोळ करायचीय,” तो म्हणाला. “माझ्या घरात. बायको दारात थांबेल. बाकीचे बाहेर व्हा.”